चाळणी नाही

वाटणीत एर्लेंडकडे आलं ते हे एक पातेलं,
जाड बुडाचं, एका कानाचा स्क्रू ढिला.
बाकीचं स्वयंपाकघर
समोरच्या हॉय बेटावर गेलं,
पडद्यांसकट.

शनिवारी थोरा येते त्याच्याच फेरीतून,
तिकीट काढून, हट्टाने.
स्ट्रॉमनेसच्या धक्क्याला बोट बांधून घरी येतात
तेव्हा त्याच्या हातांना दोराचा वास.

लोण्यात लसूण.
मग पास्ता, कच्चाच,
आणि जेमतेम बुडेल इतकं पाणी.
"गाळायचं नाही?" कोट न काढताच ती.
"चाळणी तुझ्या आईकडे आहे."
मग दोघंही उगाच पातेल्यात बघत राहतात.

पाणी आटतं, पांढुरकं होतं,
एरवी सिंकमध्ये गेलं असतं,
तेच आता सगळ्याला धरून बसतं.
वर क्रीम, मूठभर चीज,
गोठलेले मटार, गारांसारखे खडखडत.

"ढवळत राहा, नाहीतर लागेल,"
म्हणतो, आणि फोन घ्यायला वळतो.
धक्क्यावरून इन्गाचा आवाज, अर्धा वाऱ्यात:
उद्याच्या फेऱ्या रद्द. परवाचं परवा बघू.
"बरं," म्हणतो तो. पुन्हा एकदा, "बरं."

मागे बुडाशी लागलंच.
थोरा काही विचारत नाही.
कोट काढते, खुर्चीवर टाकते,
पातेलं मांडीत घेऊन
खरवड उकरू लागते.
"हे माझं."

तो समोर बसतो,
लोण्याच्या सुरीने
कानाचा स्क्रू पिळायला.
"हलवू नकोस ना," ती म्हणते,
तोंड भरलेलं.