पश्चिमेकडून बारा

चौकशीला पुंता अरेनासहून दोघं आले.
बुटाची माती झटकत एकाने वही उघडली, विचारलं,
त्या वेळी वारा किती होता?
मी म्हटलं, कुठल्या वेळी?

रेडिओवर सांगितला तेव्हा पश्चिमेकडून बारा नॉट.
खोटं नाही. खिडकीतून पिशवी दिसत होती,
नारिंगी, दोनदा मीच टाके घातलेली,
शेपटाशी किंचित लोंबणारी. म्हणजे बारा.
तेवीस वर्षं मी तिच्या फुगण्यावरून आकडा वाचतोय,
जशी माझी बायको फुगलेल्या पिठावरून भट्टीची वेळ.

"पश्चिमेकडून बारा," मी म्हटलं.
"आलेच," मिर्ना म्हणाली. कुसानोविचांची धाकटी.
तिच्या पणजोबांनी या बेटावर सोनं शोधलं,
सापडल्या मेंढ्या.

त्यानंतर फार तर दीड मिनिट.
किटलीने अजून सूर धरला नव्हता.

विमान कुंपणावरून आलं तेव्हा सगळं सरळ होतं.
चाकं धुळीला टेकायला हातभर अंतर,
आणि दक्षिणेकडून, टेकडीआडून,
कुणी लाथेने दार उघडावं तसा तो आला.
डावा पंख उचलला गेला,
उजव्याने माती नांगरली,
पात्याने दगड खाल्ला,
आणि आख्खं यंत्र त्या पंखाभोवती फिरलं,
कानात वारं शिरलेलं वासरू
खुंट्याभोवती फिरावं तसं.

मी पळालो. इथे पळणं म्हणजे
वाऱ्याच्या अंगावर रेलून चालणं.
शाळेच्या ओतिलियाबाई दारात अडकलेल्या,
हासळीचं हाड मोडलेलं,
मांडीवर पिल्लांचा खोका तसाच.
आतून चिवचिव. रेडिओही चालू होता,
त्यावर कुणीतरी
दुसऱ्याच गावचा वारा सांगत होतं.

मिर्ना उतरली. ओठावर रक्त.
माझ्याकडे नाही, पिशवीकडे बघितलं तिने.
पिशवी सरळ खाली लटकत होती,
धुऊन वाळत घातलेल्या मोज्यासारखी,
जणू दिवसभर हललीच नव्हती.

वाऱ्यावर सोडणं म्हणतात.
मी सोडलं का तिला? वहीत तो रकाना नव्हता.
वहीत लिहिलं: वारा, अचानक बदलता.
सही केली. एका ओळीसाठी
चष्मा दोनदा पुसला.

एक पिल्लू मेलं. उरलेली
शाळेमागे अंडी देतात आता.

उन्हाळ्यात मिर्ना परत आली, उसन्या विमानातून.
"एलेउतेरियो, वारा?"
हल्ली मी खिडकीतून सांगत नाही.
वायर ताणून माइक बाहेर नेतो, टोपी काढतो,
कान, गाल, मानेवरचे उरलेले केस,
सगळ्यांना विचारतो. मग म्हणतो,
पश्चिमेकडून दहा.
आणि थोडं थांबून म्हणतो, होता.

ती हसते की रेडिओ खरखरतो,
खालून कळत नाही.