झाकण लावून काढलेला फोटो

खडेबाजारात, साडीच्या दुकानावरच्या माडीवर
गदिगेप्पा अण्णा कॅमेरे उघडतात.
स्क्रू ठेवायला इडलीपात्र:
वरच्या ताटलीत वरचे, खालच्या ताटलीत आतले,
आणि ज्यांचं घर सापडत नाही असे तीन
गेल्या दिवाळीपासून एका खळग्यात.

मी नंदगडहून पावणेआठच्या बसनं येते.
पहिले दोन महिने फक्त ब्लोअर आणि झाडू.
मग एकदा त्यांनी रिकामी ताटली पुढ्यात ओढली,
डब्यातली मोहरी घेतली मूठभर.
“नोडु तंगी, उजेड म्हणजे दाणे.
ज्या खळग्यात जेवढे पडले तेवढे मोजायचे.
बस्स. ह्याला फोटो म्हणतात लोक.”

मला वाटायचं, कॅमेरा बघतो.
तो बघत नाही, मोजतो,
बाजाराच्या तोंडाशी पावत्या फाडणाऱ्या माणसासारखा,
मान वर न करता.
आणि रंग?
अण्णांनी चार खळग्यांवर जिलेटिनचे तुकडे ठेवले,
दोन हिरवे, एक तांबडा, एक निळा.
हिरव्याखाली हिरवंच पोचतं,
तांबड्याखाली तांबडं.
प्रत्येकाला एकच रंग ठाऊक,
उरलेले दोन आजूबाजूला विचारून.
“म्हणजे अंदाज?” मी म्हटलं.
“अंदाज कसला? शेजार.”

हिरवे दोन का, तेही सांगितलं त्यांनी:
माणसाच्या डोळ्याला हिरव्यातलं बारीक जास्त कळतं.
खानापूरनंतर खिडकीतून जे सुरू होतं
ते मी दुसऱ्या दिवशी मोजून बघितलं.
अकराव्या हिरव्याला झोप लागली.

लग्नसराई संपता संपता इनास फर्नांडिस आला,
कॅमेरा जवळजवळ आपटलाच त्यानं.
प्रत्येक फोटोत पांढरा ठिपका, एकाच जागी.
नवरीच्या नाकावर चमकी म्हणून खपला,
भटजींच्या कपाळावर खपला,
वरबापाच्या पुढच्या दातावर मात्र नाही,
त्यांनी पैसे अडकवलेत.

अण्णांनी लेन्सला झाकण लावलं,
खोलीतला दिवा घालवला,
आणि अंधाराचा फोटो काढला.
तीस सेकंद.
खालच्या दुकानातून घासाघीस वर येत होती,
“एष्टु?”ला “साडेआठशे,”
“सहाशे”ला “आगल्ल.”
पडद्यावर सगळं काळं.
त्या काळ्यात तो, एकटाच, लख्ख.
एकही दाणा पडला नव्हता त्याच्यात
तरी मोजत होता.

मग लॅपटॉपची वायर जोडून
अण्णांनी त्याची ओळ आणि रांग शोधली,
एका यादीत घातली. दोन मिनिटांचं काम.
इनासनं माझा फोटो काढला,
मोठा करून बघितला, आणखी मोठा.
“गेला की! कुठं गेला?”
“गेला नाही, तिथंच आहे,” अण्णा स्क्रू मोजत म्हणाले.
“त्याला विचारायचं बंद केलं.
आता शेजारचे सांगतील ते त्याचं.”

परतताना मच्छेपर्यंत उभीच होते.

आमच्या घरात रुद्राक्का आहे,
थोरल्या काकांची बायको, बैलहोंगलकडची.
काका गेल्यापासून दिवसभर गप्प,
अंधार पडला की बोलते,
समोर कुणी नसताना, कन्नडमध्ये.
डॉक्टर झाले, अंगारे झाले.
आता पाहुण्यांनी विचारलं, चहात साखर किती,
तर आई सांगते.
थंडी वाजते का, ते बाबा सांगतात.
लग्नपत्रिकेत तिचं नाव असतं.

त्या रात्री लाईट गेली आणि ती सुरू झाली.
मी पाट ओढून शेजारी बसले.
काय विचारावं सुचेना.
म्हटलं, “आक्का, आज जेवण कसं होतं?”
ती थांबली.
इतका वेळ थांबली की मला वाटलं, संपलं.
मग मराठीत, स्वच्छ:
“आमटीत मीठ नव्हतं.”

नव्हतंच.
आम्ही पाच जण जेवून उठलो होतो.