तात्पुरती

क्लाक्सविकच्या धक्क्यावर, मासळीच्या गोदामाच्या दुसऱ्या मजल्यावर,
जिथं हीटरला ओल्या लोकरीचा वास येतो,
माझ्या ताब्यात बारा किल्ल्यांची यादी आली.
अकरा किल्ल्यांना कामाची नावं होती:
बिलं, वजनकाटा, शीतगृह, कस्टम्स वगैरे.
बारावीचं नाव नुसतं 'तात्पुरती'.
बनवल्याला नऊ वर्षं.
अधिकार: सर्व.
बनवणारा: होग्नी.

होग्नीला जाऊन दोन हिवाळे झाले.
त्याचं खातं त्याच आठवड्यात बंद केलं होतं,
टेबलाचा खणही रिकामा केला होता:
दोन गळ, खोकल्याच्या गोळ्या,
कुणाच्या मेंढीच्या कानाला कसली खूण, त्याचा घडी पडलेला कागद.
किल्ली खणात असण्यातली नव्हतीच.
चाळीस अक्षरं, वजन शून्य.
बनवताना एकदाच दिसते,
आणि पडदा बजावतो, आत्ताच उतरवून घ्या,
पुन्हा दाखवणार नाही.
त्यानं कुठं उतरवून घेतली, कोण जाणे.

रोज पहाटे तीन वाजून दहा मिनिटांनी
नोंदवहीत एक ओळ उमटायची.
होग्नी. आत आला. वाचलं. गेला.

काय वाचलं?
आमच्या जुन्या आवृत्तीला एवढं लिहून ठेवायची सवय नव्हती.

या किल्लीनं पगार बदलता येतात,
शीतगृह उणे बावीसवरून अधिक चारवर आणता येतं,
ग्राहक पुसता येतात, मलासुद्धा.
जामदारखान्याच्या चाव्या,
आणि हात चोराचा की सावाचा, ठाऊक नाही.
ब्योर्ग म्हणाली, रान्वा, काढून टाक.
मी म्हटलं, हिच्यावर काय काय टांगलंय ते तर पाहू.
दोन आठवडे पाहिलं. एकेक दोरी सोडवून नव्या खुंटीला बांधली.
एक दोरी हाती लागेना.

शेवटी लाल बटण. 'रद्द'.
खात्री आहे का, असं ते विचारतं.
नव्हती. 'हो' दाबलं.

पहिला दिवस काही बिघडलं नाही. दुसराही नाही.
तिसऱ्या दिवशी कचेरीतला तारेचा फोन वाजला,
जो कुणी वापरत नाही.

मी सुन्नवा. होग्नीची.
माझी पाटी बंद पडलीय.

तिच्या स्वयंपाकघरात पिठाच्या डब्याला टेकवून
कोपरा तडकलेला एक टॅबलेट उभा होता.
त्यावर एरवी दोनच शब्द असायचे,
'तैस्ती', आणि त्यापुढं 'बंदरात' किंवा 'समुद्रावर'.
तैस्ती त्यांच्या मुलाची बोट. एय्डुन फोन करणाऱ्यातला नाही.

तीन दहाच का, मी विचारलं.
तेव्हा मला जाग येते, ती म्हणाली. त्याला माहीत होतं.

म्हणजे सगळ्या कंपनीचं दार उघडेल अशी किल्ली घेऊन
हा माणूस नऊ वर्षं
दोन शब्द वाचत होता.
मला हसू आलं, आणि लगेच रागही.
इतका आळशी, होग्नी!
एवढ्यासाठी 'सर्व' लागतं का कुणाला?

तिच्याच ओट्यावर लॅपटॉप उघडून नवी बनवली.
फक्त वाचन. एक बोट. एक रकाना.
लिहिणं नाही, पुसणं नाही, दुसरी बोट नाही.
चाळीस अक्षरं मी वाचत गेले,
ती चष्मा नाकावर ढकलत एका बोटानं टाइप करत गेली.
बाविसाव्याला चुकली. पुन्हा पहिल्यापासून.
नावाच्या जागी लिहिलं: सुन्नवा.

मुदत विचारली तेव्हा 'कायम' हाही पर्याय होता.
मी एक वर्ष निवडलं. नियम आहे तसा.
शिवाय पुढल्या ऑक्टोबरात
या घरी परत यावं लागेल;
रुबार्बच्या मुरंब्याची एक बरणी तिनं आजच
माझ्या नावाची म्हणून बाजूला काढली.

आता पहाटेची ओळ अशी दिसते:
सुन्नवा. आत आली. वाचलं. गेली.

काल तैस्ती समुद्रावर होती.
तीन दहाला वाचलं,
तीन अकराला वाचलं,
तीन वीसला,
चारला.