मानस

मार्चच्या उन्हात, आगरवाड्याच्या बांधावर
मला थंडी वाजली.
बाबुसो म्हणाला, वय झालं.
शेजारची सुलक्षा म्हणाली, मीठ कमी खातेस का गं?
मला विचारते! जिचा जन्म मिठात गेला, तिला.

केस फणीत यायला लागले. आवाज एवढा जाड
की फोनवर उल्हास म्हणायचा,
बाबा, आईला द्या जरा.

बांबोळीला कुलासो डॉक्टरीणबाईंनी
गळ्यावर बोटं ठेवली, गीळ म्हणाल्या.
मग उजव्या बरगडीखाली चाचपत
विचारलं, रक्त चढवलं होतं कधी?

चढवलं होतं.
एक्याण्णव साल, म्हापसा, उल्हासच्या वेळी,
दोन बाटल्या.
तेव्हा त्या रक्ताची कुणी चौकशी करत नसे.
मीही नाही केली. जगले, तेवढं पुरे होतं.

तीस वर्षं सी यकृतात राहिला
मुंडकारासारखा, गुपचूप.
(असं म्हणू नये. मी मुंडकाराचीच मुलगी.)
त्याला हुसकायला अंगातलेच राखणदार उठले
आणि काळोखात त्यांची काठी
भलत्याच घरावर पडली.
सगळ्यांचं असं होत नाही, बाई म्हणाल्या,
काहींचं होतं. बायकांचं जास्त.

मला त्यांची काठी नीट कळली नाही.
मानस कळतो.
त्याची फळी इकडे कुजते
आणि खारं पाणी वर येतं
तीन शेतं पलीकडे, दुसऱ्याच्याच भातात.

बारा आठवडे गोळ्या घेतल्या. सी गेला.
कागदावर लिहून आलं: आढळला नाही.
गळ्याची गोळी तेवढी राहिली,
पांढरी, खड्यामिठाएवढी,
पहाटे उपाशीपोटी,
आणि पुढे अर्धा तास चहा नाही.

त्या अर्ध्या तासात बाबुसो भरती बघायला जातो.
मी पायरीवर बसते
आणि त्या दोन बाटल्या आठवते.
कोण होता, कुठल्या गावचा?
त्यालाही भर उन्हात थंडी वाजत असेल.
त्याचीही बायको म्हणत असेल, वय झालं.

कुणीतरी त्याला सांगायला हवं.
पत्ता असता तर मीच गेले असते,
पायलीभर मीठ घेऊन.