शेऱ्याचा रकाना

कार्यालयानं दिलेला तक्ता असा:
संज्ञा, व्याख्या, उदाहरण, शेरा.
तो मांडीवर घेऊन मी बसलो
खाडीपलीकडे, बी झुवेनाच्या मजलिशीत.
(गावाचं नावच सूर. पहिल्या दिवशी त्यावर
मी विनोद केला, तो कुणाला कळला नाही.)

झांझिबारहून आली तेव्हा ती अकरा वर्षांची.
अरबी नंतर शिकली.
गोष्टी मात्र अजून स्वाहिलीतच;
अरबीत सांगितल्या की, म्हणते, ससा लंगडतो.

"पाउक्वा!" ती म्हणाली, आणि थांबली.
मी लिहिलं: प्रारंभसूत्र.
ती थांबलेलीच.
एसीची घरघर. माझा कहवा निवत चाललेला.
शेवटी तिची नात रय्या माझ्या कानाशी:
"पाकावा म्हणा. नाहीतर पहाटेपर्यंत अशीच बसेल."
"पाकावा," मी म्हणालो,
आणि ससा बिळातून बाहेर आला.

आमचं आटपाट नगर कुणाला न विचारता असतं.
इथे वेशीची कडी
ऐकणाऱ्याच्या बाजूला.

रात्र कशी होती? काळी, तितिती.
तितिती म्हणजे? ती वैतागली:
काळ्याच्या मागून येतं ते!
मला आठवला आमचा कुट्ट,
काळ्यावाचून ज्याला जगात कुणी नाही,
आणि पांढऱ्याच्या पदराला धरून चालणारा फटक.
ध्वन्यनुकारी लिहावं, तर काळोखाला ध्वनी कुठला?
रकाना तसाच ठेवला.
मगर पाण्यात शिरली: चुब्वी.
"डुबुक," मी म्हटलं,
आणि बी झुवेना पहिल्यांदा हसली,
होते तेवढे पाचही दात दाखवून.

मग तिघा भावांची गोष्ट.
एकाला स्वप्नात दिसलं, बाप बुडतोय.
दुसऱ्यानं होडी हाकली.
तिसऱ्यानं बापाला नावानं हाक मारली, तेव्हा त्याचा श्वास परतला.
"तर बापाची तलवार कुणाची?"
इथे गोष्ट संपली. म्हणजे संपली नाहीच.
दुविधाकथा, मी लिहीपर्यंत
ड्रायव्हर शिहाब होडीवाल्याच्या बाजूनं उठून उभा,
रय्या स्वप्नाच्या बाजूनं,
आणि मी, ज्यानं गप्प बसायचा पगार घ्यावा,
म्हणालो, अहो, पण नाव!
इशाची अजान झाली तेव्हा कुठे आम्ही आवाज खाली आणले.
उठताना ती म्हणाली:
बरी असेल तर गोष्ट सगळ्यांची,
वाईट असेल तर माझी एकटीची.
समापनसूत्र. हे मी घरी येऊन लिहिलं.

डॉ. हैथमचा निरोप: ध्वनिमुद्रण उत्तम.
फक्त एसीची खरखर
आणि मधला तुमचा "हं, हं" काढून टाकावा.

रात्री खोलीवर काढत बसलो.
एकशे चौदा हुंकार,
तांदळातून खडे वेचावेत तसे.
मग पहिल्यापासून लावलं.
ससा तळ्याशी आला. ती थांबली.
त्यानं पाण्यात वाकून पाहिलं. ती थांबली.
प्रत्येक वाक्याला ती कुणाची तरी वाट बघते,
आणि पडद्यावर सरळ, सपाट रेघ.

वरच्या बंकवर वैजनाथ,
दिवसभर गच्च्यांवर एसी दुरुस्त करून आलेला,
स्वाहिलीचा एक शब्द ज्याला येत नाही,
कूस बदलली त्यानं,
आणि झोपेतच म्हणाला,
"हं. मग?"