द

तिचं नाव इल्झे. पोट्ट्याईनं केलं इलाजबाई.
बर्फाच्या कोन्या देशातून
आली आमच्या पिंपळटोल्याले इंग्रजी शिकवाले,
जे तिच्या मायच्याबी तोंडात नोयतं.

मी खिचडी ढवळतानी आयको.
खिडकीले तावदान नाई, सबन आयकू येते.

एक दिवस पाचवीतली फुलवंती कोडापे उभी रायली:
"मॅडम, हे 'द' कायले लावतेत?"
इलाजबाई थांबली. डस्टर खाली ठेवलं.
मोडक्या मराठीत म्हने, माझ्या भाषेत पन हे नाही,
मी पन चुकते.

मंग तिनं बाहेर बोट दाखोलं.
आंगनात कुत्रा आला, कोनचाबी एक: अ डॉग.
उद्या आला, परवा आला,
तुमी त्याले भात टाकला.
आता तो द डॉग.

पोट्टे हासले.
त्या लंगड्या कुत्र्याचं तवापासून नावच पडलं,
दडॉग.

मोहफुलाच्या दिवसात वर्ग अर्धा रिकामा.
तिनं रागे नाई भरलं, टोपलं घेऊन
पहाटंच गेली पोट्ट्याईमागं.
मुंग्या चावल्या तिले. आख्ख्या जंगलात
एकच शब्द घुमला त्या दिवशी:
अँट! अँट!

व्हिसा सरला तशी गेली.
जातानी मले म्हने, "येतो ताई."
माह्या सारखंच, येतो.

दडॉग अजून येते खिचडीच्या वासानं.
यंदा नवी बाई येनार म्हनतेत, कोनतीतरी.
तांदूळ धुतानी हळूच म्हनून पायलं:
अ मॅडम.

थोडे दिवस 'अ'च म्हनू तिले.
भात त वाढूच.