बिल्ले

आमच्या संगमनेरात भांडणाचं शेवटचं वाक्य ठरलेलं:
ह्याला ठाण्याला न्या.
मी ठाण्याला आले ती पगारावर,
तरी आत्या कुणाला सांगताना
"ठाण्याला असते"च्या पाठोपाठ
घाईने "नोकरीला" जोडते.

बायकांचा वॉर्ड. बावीस खाटा, एक आरसा,
आणि पुस्तकातून उचलून आणलेली माझी योजना:
ज्याचं काही मिळतं
तेच माणूस पुन्हा करतो.
दात घासले, एक बिल्ला.
अंथरुणाची घडी घातली, एक.
कुणाशी आपणहून बोललं तर दोन.
बिल्ले म्हणजे जांभळी नाक्यावरून
शेकड्याने आणलेली कोटाची लाल बटणं.
तीन बटणांना खोबरेलाची पुडी,
पाचांना जास्तीचा चहा, आठांना रिबीन,
पंधरांना तलावपाळीवर एक फेरी, सोबत आया.
भिंतीवर दरपत्रक. खाली माझी सही.

बघता बघता वॉर्ड विंचरलेला दिसू लागला.
मोठ्या मॅडमनी आलेख मागवला.
रेघ चढत होती येऊरच्या रस्त्यासारखी,
वळणं घेत, पण वर.

फक्त यमुना भोपी.
वय चौपन्न. गाव कळवा की कळंबोली,
कागदावर शाई फुटलेली.
सगळं करायची. चादरीची घडी अशी
की कोपऱ्याला कोपरा.
बिल्ले घ्यायची, मोजायची,
खर्च मात्र करायचीच नाही.
मोज्यात ठेवायची. चालली की खुळखुळायची.
एकसष्ट झाले तेव्हा मी वहीत लिहिलं:
"संचयवृत्ती. बक्षिसाचा अर्थ उमगलेला नाही."
आणि खाली रेघ मारली. जाड.

त्या उन्हाळ्यात माझं घर सुटलं.
सुटलं की मी सोडलं
ह्याचं उत्तर वर्तकनगरच्या भाड्याच्या खोलीत
अजून सापडलेलं नाही.
रात्रभर जागी. सकाळी तशीच यायचे,
अंगावर कालचा ड्रेस,
केसांना परवाचा चाप.
कुणाला काही दिसलं नाही.
आलेखात माझ्यासाठी रेघ नव्हती.

एका गुरुवारी डोक्यावरून अंघोळ केली.
का, ते आठवत नाही. पाणी वेळेवर आलं असेल.
वॉर्डात शिरले तशा यमुनाबाई खाटेवरून उठल्या,
मोजा काढला,
माझ्या टेबलावर एक लाल बटण ठेवलं.
"आज केस इचरलंस. घे."

मला हसू आलं.
त्याचं आणखी एक ठेवलं.

शुक्रवारी डबा आणला: एक.
शनिवारी तो खाल्लाही: दोन.
सोमवारी काहीच केलं नव्हतं,
तरी टेबलाशी उगाच रेंगाळले.
बाई खिडकीबाहेर बघत राहिल्या,
अगदी पुस्तकात आहे तशा:
लक्ष द्यायचं नाही, रागवायचंही नाही.
मला हे परीक्षेत सहा गुणांना होतं.
मंगळवारी मी
ड्रेसला इस्त्री केली.

वही काढली. जाड रेघ खोडायला गेले
तर कागद फाटू लागला.
मग "उमगलेला नाही"च्या आधी,
होती तेवढ्या जागेत, बारीक अक्षरात,
"मला" घुसवलं.

परवा घरी जाताना बसमध्ये
सुट्टे मोजायला तळहात उघडला,
नाण्यांत एक लाल बटण.
कंडक्टरने उचललं, उलटंपालटं करून पाहिलं.
"ताई, हे चालत नाही."
चालतं, मी म्हटलं.
तो जरा बघत राहिला.
मग आवाज उतरवून, अगदी जपून,
"कुठून चढलात?"

इस्पितळावरून, मी म्हटलं,
आणि पुढे "नोकरीला" जोडायचं
राहून गेलं.